छापखान्याबाहेर सापडलेला ठसा

२०२१ च्या अखेरीस ‘झायकोव-डी’ या लशीच्या प्रायोगिक वापरासाठी महाराष्ट्रातले दोन जिल्हे निवडले गेले, नाशिक आणि जळगाव. बातमी गाजली ती ‘बिनसुईची लस’ म्हणून. त्यात नवल नाही. सुई पाहून डोळे मिटणारी माणसं घरोघरी असतात, आणि त्यात धिप्पाड माणसांचा भरणा जास्त असतो. पण सुईच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडली. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची ही लस म्हणजे माणसांसाठी परवानगी मिळालेली जगातली पहिली डीएनए लस होती. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिला आपत्कालीन वापराची मुभा मिळाली. सुमारे २८ हजार स्वयंसेवकांवरच्या चाचणीत लक्षणं असलेल्या कोविडविरुद्ध तिची परिणामकारकता ६६.६ टक्के आढळली होती.

माझं लक्ष गेलं ते मात्रेकडे. एका वेळेला २ मिलिग्रॅम डीएनए, निम्मा एका दंडावर आणि निम्मा दुसऱ्यावर. पहिल्या दिवशी, मग २८ व्या आणि ५६ व्या दिवशी, म्हणजे तीन वेळा मिळून ६ मिलिग्रॅम. फायझरच्या एमआरएनए लशीची मोठ्यांची मात्रा होती ३० मायक्रोग्रॅम. झायकोव-डीची एकच मात्रा तिच्या जवळजवळ ६७ पट भरते. इतका माल कशाला ओतावा लागला? आणि फायझरचा आरएनए जसा मेदाच्या बारीक कणांत बसवून पाठवला, तसा हा डीएनए का नाही पाठवला? मेदात गुंडाळून डीएनए पेशीत घालण्याची युक्ती तर १९८७ पासून माहीत होती.

युक्ती समजून घ्यायला निफाड किंवा पिंपळगाव बसवंतकडच्या एखाद्या बेदाणा शेडवर जावं. थॉमसनचा घड हातात घेतला की मण्यांवर धुरकट, मेणचट थर दिसतो. अंगठा फिरवला की निघतो, खाली मणी काचेसारखा चमकतो. हा थर मण्यातलं पाणी आत धरून ठेवतो. घड नुसता वाळत घातला तर लवकर वाळत नाही आणि वाळेपर्यंत काळपट पडतो. म्हणून १०० लिटर पाण्यात सुमारे २.४ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल कालवतात, क्रेटच्या क्रेट त्यात काही मिनिटं बुडवतात आणि मग शेडमध्ये जाळीवर पसरतात. मेणाचा थर सैल पडतो, पाण्याला वाट मिळते, पंधरवड्यात हिरवट-पिवळा बेदाणा तयार. हे डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट. ओलिक आम्ल नावाच्या मेदाम्लापासून ते बनतं, आणि ओलिक आम्ल आपल्या शेंगदाणा तेलात भरपूर असतं. मेणाची वाट तेलाने मोकळी करायची, असा हा सगळा प्रकार. बागाईतदाराला त्यात काही विशेष वाटत नाही.

पेशीचं आवरणही मेदाचंच असतं, दोन पदरी. डीएनए हा लांबलचक रेणू पाण्यात सुखी असतो आणि त्याच्या सबंध कण्यावर ऋण विद्युतभार असतो. मेदाच्या पदरातून तो आपणहून आत शिरणं शक्य नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत फिलिप फेल्गनर यांनी धन भार असलेला एक कृत्रिम मेद बनवून डीएनएत मिसळला. विरुद्ध भारांमुळे दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटले, आणि ते गोळे पेशींनी आत घेतले. तेव्हापासून आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत पेशीत परकं जनुक घालायचं म्हटलं की हीच पद्धत आधी आठवते.

याच फेल्गनर यांच्या नावाशी पुढचा गमतीदार अध्यायही जोडलेला आहे. विस्कॉन्सिनच्या जॉन वोल्फ यांच्याबरोबर उंदरांच्या स्नायूंत जनुकं टोचण्याचे प्रयोग चालले होते. तुलनेसाठी म्हणून एका गटाला नुसताच, मेदाशिवायचा डीएनए दिला. तो चालणार नाही अशीच अपेक्षा होती. पण चालला तो नुसताच! १९९० मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला आणि डीएनए लशींची सगळी शाखा त्यातून फुटली. झायकोव-डी त्याच शाखेवरचं फळ. तिच्यासोबतचं ‘ट्रॉपिस’ हे यंत्र स्प्रिंगच्या जोरावर ०.१ मिलिलिटर द्रवाची बारीक धार कातडीत घुसवतं. वाहन नाही, नुसता धक्का. बहुतेक डीएनए वाटेतच फुकट जातो, म्हणून माल जास्त लागतो. ‘इतका माल का’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

दुसरा प्रश्न अवघड आहे. वाहन दिलं तर काय होतं?

नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासून चालू आहे. तिथे छापलेली नोट तुमच्या-माझ्या खिशात असते. भिंतीबाहेर नोट दिसली म्हणून कोणी दचकत नाही, कारण नोट बाहेर पडण्यासाठीच छापलेली असते. पण ज्याच्यावरून नोट छापतात तो ठसा, ती प्लेट, उद्या जेलरोडच्या एखाद्या चहाच्या टपरीवर सापडली तर? ती अस्सल आहे की बनावट, याची चौकशी मागाहून होईल. आधी भोंगा वाजेल, फाटकं बंद होतील. ती तिथे असणं हाच गुन्हा.

पेशीत नेमका हाच नियम आहे. डीएनएचा ठसा केंद्रकात राहतो. त्यावरून उतरवलेल्या आरएनएच्या प्रती केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात जातात, तिथे त्यांवरून प्रथिनं बनतात. आरएनए बाहेर दिसणं रोजचं. डीएनए बाहेर दिसला, तर एक तर विषाणू शिरलाय किंवा पेशीचंच काहीतरी फुटलंय. हा पहारा करणारं प्रथिन १९८० च्या दशकात कोणाला ठाऊक नव्हतं. २०१२-१३ च्या सुमारास डॅलसच्या झीजियान ‘जेम्स’ चेन यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं. त्याचं नाव सीगॅस. या शोधासाठी चेन यांना २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. सीगॅस डीएनएला जाऊन धरतो, आणि धरताक्षणी एक छोटा निरोप्या रेणू तयार करू लागतो. तो रेणू ‘स्टिंग’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन भिडतो. स्टिंग म्हणजे डंख, नाव चपखल आहे. स्टिंग जागा झाला की पुढे टीबीके-१ नावाचं विकर कामाला लागतं आणि पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. शेजारच्या पेशी सावध होतात, रोगप्रतिकारक पेशी धावत येतात.

सीगॅस डीएनएवर लिहिलेली अक्षरं वाचत नाही. तो दुपदरी कणा पकडतो, आणि लांबी पुरेशी असली की त्याला बस होतं. स्वतःचा डीएनए, जिवाणूचा, विषाणूचा, लशीतला, सगळे त्याला सारखेच. म्हणून पेशीद्रवात चुकून सांडलेला स्वतःचा डीएनए झाडून टाकायला ट्रेक्स-१ नावाचं विकर ठेवलेलं असतं. काही मुलांत हे विकर जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यांच्या शरीरात कुठलाही जंतू नसताना भोंगा वाजतच राहतो, आणि मेंदूपर्यंत दाह पोहोचतो.

अक्षरं वाचणारा पहारेकरी वेगळा आहे, आणि तो वेगळ्या नाक्यावर बसतो. त्याची गोष्ट आपल्या दंडावरच्या व्रणापासून सुरू होते. बीसीजीच्या. १९८४ मध्ये जपानमध्ये तोकुनागा आणि सहकाऱ्यांनी बीसीजीच्या जिवाणूतून वेगळे काढलेले घटक तपासले, तर प्रतिकारशक्तीला चेतवणारा घटक निघाला डीएनए! तोवर डीएनए म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या दृष्टीने मुका रेणू, अशी समजूत होती. पुढे १९९५ मध्ये आर्थर क्रीग यांच्या गटाने खूण ओळखली. जिवाणूंच्या डीएनएत सी आणि जी ही अक्षरं पाठोपाठ पुष्कळदा येतात आणि त्यांवर मिथाइलचं टोपण नसतं. आपल्या डीएनएत ही जोडी कमी आणि बहुधा टोपण घातलेली. २००० साली ओसाकाच्या शिझुओ अकिरा यांच्या गटाने ती खूण वाचणारं प्रथिन दाखवून दिलं, टीएलआर-९. ते पेशीद्रवात नसतं. पेशी बाहेरचा माल ज्या पिशव्यांत गिळते, त्या पिशव्यांच्या आत ते बसलेलं असतं. लशींचा प्लाझ्मिड डीएनए, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, ई. कोलाय जिवाणूत वाढवतात, म्हणजे या पहारेकऱ्याच्या दृष्टीने तो जिवाणूचाच. एक खोच आहे. उंदरात टीएलआर-९ अनेक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींत सापडतं, तर माणसात ते मुख्यतः एका प्रकारच्या डेंड्रिटिक पेशींत आणि बी-पेशींत. उंदराचा निकाल जसाच्या तसा माणसाला लावायला गेलं की फसगत होते, ती अशा कारणांनी.

आता या चित्रात मेद आणा. नुसता डीएनए रक्तात सोडला तर तिथली विकरं बघता बघता त्याचे तुकडे करतात. जो वाचतो तो भक्षक पेशींच्या पोटात जातो आणि तिथल्या पिशव्यांत पचतो. पेशीद्रवापर्यंत पोहोचणारा फारच थोडा, त्यामुळे सीगॅसला फारसं काही दिसत नाही. मेदात बांधलेल्या डीएनएला विकरं शिवू शकत नाहीत. शिवाय मेदाचे कण दिसले की यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी ते आवडीने गिळतात, कारण कण गिळणं हा त्यांचा धंदाच आहे. गिळल्यावर पिशवीत आंबटपणा वाढतो. आजकालचे मेद इतके हुशारीने बनवलेले असतात की रक्तात ते भारहीन राहतात आणि आंबट पिशवीत गेले की धनभारित होतात. मग पिशवीचं आवरण फाटतं आणि माल पेशीद्रवात सांडतो. एका तपासणीत जेमतेम १ ते २ टक्के मालच असा बाहेर पडताना दिसला. पण सीगॅसला तेवढाही पुरतो.

म्हणजे हे मेद नुसतं ओझं वाहत नाहीत, डीएनए कोणत्या पेशीत आणि पेशीच्या कोणत्या खोलीत उतरणार हे तेच ठरवतात. प्रयोगशाळेत हे रोज दिसतं. बशीतल्या भक्षक पेशींवर डीएनए नुसता ओतला, तर त्या फारशा हलत नाहीत. तोच डीएनए मेदात मिसळून द्या, इंटरफेरॉन भसाभसा बाहेर पडतं. सीगॅसचा शोध लागण्याआधी अनेक वर्षं संशोधक हा मेदाचा धक्का देऊनच ‘आत कोणीतरी डीएनए ओळखतोय’ असं म्हणत होते.

माणसांनी हे अंगावर काढलं आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुफ्फुसात चिकट कफ साठतो. दुरुस्त जनुक मेदात मिसळून फवाऱ्याने फुफ्फुसात द्यावं, अशी कल्पना. १९९९ मध्ये लंडनमध्ये झालेल्या चाचणीत मेद आणि डीएनए दोन्ही मिळालेल्या आठ रुग्णांपैकी सात जणांना फ्लूसारखी लक्षणं दिसली, अंगदुखी, कणकण. दीड दिवसात उतरली. संशोधकांनी यावरून घेतलेला धडा मला आवडतो, कारण तो चिकाटीचा आहे. त्यांनी पुढच्या प्लाझ्मिडमधून सी-जीच्या जोड्या एकूण एक काढून टाकल्या. मेद मात्र ठेवला. १३६ रुग्णांवरच्या या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. औषध महिन्यातून एकदा असं वर्षभर सोसलं गेलं, श्वासाच्या क्षमतेत थोडाच पण मोजता येण्याजोगा फरक पडला. टीएलआर-९ ला चुकवणं जमलं. सीगॅसला अक्षरं खोडून चुकवता येत नाही, आणि खरी अडचण तीच.

इथे आरएनएचं नशीब बलवत्तर ठरलं. २००५ मध्ये कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी आरएनएमधलं एक अक्षर किंचित बदललं, युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन. पेशी शांत राहिली, प्रथिन मात्र बनत राहिलं. २०२३ चं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी. डीएनएच्या बाबतीत अशी टोपी फिरवता येत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेकब ब्रेनर यांच्या गटाने कोविड लशींतल्यासारखेच मेदकण घेतले, त्यांत आरएनएऐवजी प्लाझ्मिड डीएनए भरला आणि तो उंदरांच्या रक्तात सोडला. आरएनए सोसणारे तसलेच उंदीर डीएनएच्या कणांनी तीव्र दाह होऊन मेले.

मग भोंगा पुरताच बंद करून टाकावा का? लशीच्या बाबतीत तसं करणं वेडेपणाचं. लशीला थोडी आरडाओरड हवीच असते, नाहीतर रोगप्रतिकारक पेशी नव्या प्रथिनाकडे ढुंकून पाहणार नाहीत. २००८ मध्ये ओसाकाच्याच संशोधकांनी दाखवलं की डीएनए लशीचा परिणाम टीएलआर-९ पेक्षा टीबीके-१ वर, म्हणजे स्टिंगच्या पुढच्या दुव्यावर, अवलंबून असतो. टीबीके-१ काढून घेतलं की लस निष्प्रभ. थोडक्यात, नुसता डीएनए टोचला तरी त्यातला चिमूटभर पेशीद्रवात सांडतो आणि हवी तेवढी घंटी वाजते. इतकंच नव्हे, आतला माल काढून घेतला तरी नुसते मेदकणही काही प्रमाणात चेतवतात. २०२१ मध्ये असं प्रसिद्ध झालं की रिकाम्या मेदकणांनीही आयएल-६ या प्रथिनामार्फत प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना मदत करणाऱ्या टी-पेशी वाढतात. तेव्हा मेदाला निव्वळ हमाल म्हणणं चूक.

नाशिककरांनी मेदाच्या वाहनाचं दुसरं रूपही त्याच साली पाहिलं, दुर्दैवाने. दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला आणि ‘लिपोसोमल अँफोटेरिसिन’ हे शब्द औषधाच्या दुकानांपुढच्या रांगांत लोकांच्या तोंडी बसले. साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला फार छळतं, थंडी वाजून ताप आणतं. मेदाच्या बारीक कणांत घातलं की तेच औषध बरंच सौम्य होतं. इथे मेद आरडाओरड कमी करतो, डीएनएच्या बाबतीत वाढवतो. वाहन दोन्हीकडे मेदाचंच, पण आतला पाहुणा कोण आणि त्याला कुठे उतरवलं, यावर सगळं.

या विषयावर बोलू लागलं की श्रोत्यांत कोणीतरी मोबाइल पुढे करतं. एमआरएनए लशींत डीएनएचे उरलेसुरले तुकडे असतात, असा तो निरोप. असतात, हे खरं आहे. आरएनए छापायला डीएनएचाच ठसा लागतो आणि नंतर तो विकराने तोडावा लागतो. उरलेल्या डीएनएसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा आहे, एका मात्रेत १० नॅनोग्रॅम. झायकोव-डीच्या एका मात्रेत त्याच्या २ लाख पट डीएनए मुद्दाम दिलेला होता. हे सांगून मी निरोप धुडकावून लावू शकतो, पण ते प्रामाणिक होणार नाही, कारण झायकोव-डीचा डीएनए उघडा होता आणि १० नॅनोग्रॅमची मर्यादा मेदकणांच्या लशी बाजारात येण्याआधीची आहे. प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचं उत्तर मोजमापाने द्यायचं असतं, धाक दाखवून नाही. मोजमापाच्याच बाजूने आणखी एक हिशेब : आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड हीसुद्धा परका डीएनए देणारी लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या त्या लशीच्या मात्रेत चिंपांझीच्या अॅडेनोविषाणूचे ५,००० कोटी कण असतात, प्रत्येकात सुमारे ३५ हजार अक्षरजोड्यांचा डीएनए. गुणाकार केला की साधारण २ मायक्रोग्रॅम भरतात. झायकोव-डीच्या मात्रेचा हजारावा हिस्सा. कारण विषाणूला मेदाची गरज नाही. तो प्रथिनांच्या कवचात थेट केंद्रकाच्या दारापर्यंत जातो आणि ठसा आत सरकवतो. वाटेत पेशीद्रवात सांडणं कमी.

पुण्याने मेदाचीही एक वेगळी वाट चोखाळली. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या ‘जेमकोवॅक-१९’ ला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती भारतातली पहिली एमआरएनए लस. तिच्यात आरएनए कणाच्या पोटात नसून तेलाच्या थेंबाच्या पाठीवर चिकटवलेला आहे. लस कोरडी भुकटी करून साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत ठेवता येते. वर्षभराने आलेली तिची ओमायक्रॉनसाठीची आवृत्ती बिनसुईच्या यंत्राने कातडीतच देतात.

झायकोव-डी मात्र फार चालली नाही. ती आली तोवर बहुतेकांचे दोन-दोन डोस झाले होते, आणि तीन खेपा, प्रत्येक खेपेला दोन दंड, हे गणित लसीकरण केंद्राला जड जाणारं होतं.

मेदाच्या वाहनात डीएनए बसवायचा प्रयत्न मात्र थांबलेला नाही. ब्रेनर यांच्या गटाने उंदीर मेल्यावर वाहन बदललं नाही, की डीएनएही बदलला नाही. त्यांनी मेदकणांत आणखी एक मेद घातला, नायट्रो-ओलिक आम्ल. हे आपल्या शरीरात दाहाच्या जागी आपोआप थोडंथोडं तयार होतं आणि स्टिंगला जाऊन बिलगतं, त्याला जागं होऊ देत नाही. उंदीर वाचले. आरएनएचं काम जिथे काही दिवसांत आटोपतं, तिथे या डीएनएवरून प्रथिन महिन्यानंतरही बनत होतं. जनुकोपचारासाठी हे फार मोलाचं, लशीसाठी कदाचित जरा जास्तच शांत. मूळ पदार्थ पाहिला तर तेच ओलिक आम्ल, एका नायट्रोजनवाल्या गटाची भर पडलेलं. त्याचाच दुसरा नातलग फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाडच्या शेडवर निळ्या टाकीत ढवळला जात असतो.